पात्राचा आवाज बंद, विद्यार्थ्याचा सुरू: ॲनिमेशन व्हिडिओवर इंग्रजी बोलण्याचा सराव कसा घ्यावा

मोटर उघडून, बेअरिंग बदलून, ती पुन्हा जोडून सुरू करून दाखवणारा विद्यार्थी ‘व्हॉट इज राँग विथ धिस मोटर?’ एवढ्या प्रश्नावर गप्प होतो. त्याच्याकडे इंग्रजी शब्द नसतात असं नाही. स्पॅनर, गॅस्केट, फ्यूज, व्होल्टेज, लीकेज हे शब्द तो दिवसभर बोलत असतो. व्यवसाय शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींचं हे वेगळेपण आहे. नामं त्यांच्या तोंडात बसलेली असतात, अडतं ते क्रियापदापाशी. घट्ट कर, सैल कर, आधी बंद कर, जरा धरून ठेव, पुन्हा सांगाल का, एवढंच इंग्रजीत सांगता येत नाही आणि म्हणून पूर्ण वाक्य बाहेर पडत नाही.

क्रियापद शिकवायला ॲनिमेशनसारखं साधन नाही, असं माझं मत आहे. ‘टाइटन’ आणि ‘लूझन’ यांतला फरक सांगायला चार वाक्यं लागतात. चित्रात पाना उजवीकडे आणि डावीकडे फिरताना दाखवला की दोन सेकंदांत कळतो. खऱ्या चित्रीकरणात मागची भिंत, वायरींचा पसारा, कोणाचा तरी हात असं बरंच काही नजरेत येतं. ॲनिमेशनमध्ये हवं तेवढंच दाखवता येतं. पंपाच्या आतलं, कॅमेरा जिथे पोचत नाही तेसुद्धा.

पण व्हिडिओ नुसता पाहून कोणी बोलायला लागत नाही. सुरुवातीला मी आठ मिनिटांचा एक देखणा व्हिडिओ बनवला होता. वर्गाने तो मन लावून पाहिला, पुन्हा लावा म्हणाले, प्रश्नांची उत्तरंही बरोबर लिहिली. त्यातलं एक वाक्य म्हणून दाखवा म्हटल्यावर मात्र सगळा वर्ग शांत. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजी भाषक मुलांमध्ये भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांना असंच काहीसं दिसलं होतं. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून मुलांना समजत छान होतं, बोलणं आणि लिहिणं त्या मानाने मागे होतं. शिकणाऱ्याला स्वतः भाषा घडवून बोलावं लागतं, हे त्यांनी १९८५मध्ये मांडलं. या लेखातली सगळी पद्धत त्याच एका गोष्टीभोवती आहे: व्हिडिओतल्या पात्राचा आवाज टप्प्याटप्प्याने काढून घ्यायचा आणि त्या जागी विद्यार्थ्याचा आवाज आणायचा.

पायरी १: वर्कशॉपमध्ये बसून ऐका

व्हिडिओ शोधायच्या किंवा बनवायच्या आधी एक पूर्ण प्रॅक्टिकल वर्कशॉपच्या कोपऱ्यात वही घेऊन बसा. कोण कोणाशी काय बोलतं ते मराठीतच टिपून घ्या. तासाभरात लक्षात येईल की बोलण्याचे प्रकार मोजकेच आहेत: वस्तू मागणं, सूचना देणं, धोक्याचा इशारा देणं, बिघाड सांगणं, किती वेळ लागेल ते सांगणं, आणि न कळलेलं पुन्हा विचारणं.

यातला शेवटचा प्रकार पाठ्यपुस्तकांत जवळजवळ नसतो आणि कामावर सगळ्यात जास्त लागतो. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ आणि ‘डू यू मीन द लेफ्ट वन?’ ही दोन वाक्यं ज्याच्या जिभेवर बसली तो अर्धवट कळलेल्या सूचनेवर मशीन सुरू करणार नाही. म्हणून पहिल्या तीन व्हिडिओंपैकी एक तरी याच विषयावर ठेवा. व्याकरणाच्या क्रमाने जाऊ नका. वर्तमानकाळ झाला, आता भूतकाळ, असा व्हिडिओंचा क्रम लावला की संवाद खोटे वाटू लागतात.

पायरी २: पन्नास शब्दांचा संवाद

नवशिक्या शिक्षकांची पटकथा नेहमी लांब होते. मर्यादा आधीच ठरवून घ्या: दोन पात्रं, आठ ओळी, पन्नास-साठ शब्द. सावकाश, पण नैसर्गिक लयीत बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे मधल्या विरामांसकट व्हिडिओ पाऊण मिनिटाचा झाला. सरावासाठी तेवढा पुरतो, कारण हाच व्हिडिओ एका तासात दहा-बारा वेळा लागणार आहे.

एक नमुना देते. ग्राहकाच्या जागी पंप बंद पडला आहे.

ग्राहक: द पंप इज नॉट वर्किंग.
तंत्रज्ञ: व्हेन डिड इट स्टॉप?
ग्राहक: धिस मॉर्निंग.
तंत्रज्ञ: डिड यू हिअर एनी नॉइज?
ग्राहक: येस, अ लाऊड नॉइज. देन इट स्टॉप्ड.
तंत्रज्ञ: आय विल टर्न ऑफ द पॉवर फर्स्ट. प्लीज डोन्ट टच इट.
ग्राहक: हाऊ लाँग विल इट टेक?
तंत्रज्ञ: अबाऊट वन अवर. आय विल कॉल यू इफ आय नीड अ न्यू पार्ट.

हे बावन्न शब्द आहेत. पंपाच्या जागी फॅन, मिक्सर, प्रिंटर काहीही घातलं तरी सांगाडा तोच राहतो, आणि पुढे ते फार उपयोगी पडतं. ‘येस’सारखी छोटी उत्तरं मुद्दाम ठेवली आहेत. सगळ्यात बुजऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीला ग्राहकाची भूमिका द्यायची असते.

संवाद लिहून झाला की तो ट्रेड शिकवणाऱ्या निदेशकांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. इंग्रजीच्या शिक्षकाला न दिसणाऱ्या चुका त्यांना एका नजरेत दिसतात. वेल्डिंग करणाऱ्या पात्राच्या चेहऱ्यावर शील्ड नाही, किंवा पात्र पॉवर बंद न करताच पॅनल उघडतं, असं चित्रात गेलं तर दोन नुकसानं होतात. चुकीची सवय डोळ्यांसमोर येते, आणि ज्यांना काम येतं त्या विद्यार्थ्यांचा तुमच्या व्हिडिओवरचा विश्वास उडतो. गेलेला विश्वास पुन्हा मिळवायला बरेच तास जातात.

पायरी ३: व्हिडिओ मिळवणं किंवा बनवणं

तयार व्हिडिओ वापरायचा असेल तर तो कापायला आणि त्याचा आवाज काढून टाकायला परवानगी आहे का ते बघा. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे निर्मात्याने इतरांना वापरायला आधीच दिलेली खुली परवानगी. तिच्या काही परवान्यांत बदल करायला मुभा असते, काहींत मूळ रूपातच वापरावा अशी अट असते. आपल्याला आवाज काढायचाच आहे, तेव्हा हे आधी तपासणं बरं.

स्वतः बनवायचा तर पॉवरपॉइंटपासून सुरुवात करा. एका ओळीला एक स्लाइड, दोन पात्रांची साधी चित्रं, हलणाऱ्या भागाला मोशन पाथ (चित्र ठरवलेल्या रेषेवरून सरकवण्याची सोय), प्रत्येक स्लाइडवर रेकॉर्ड केलेला आवाज, आणि शेवटी सगळं व्हिडिओ म्हणून एक्स्पोर्ट. पॉवटून, ॲनिमेकर, कॅनव्हा या ऑनलाइन साधनांत तयार पात्रं मिळतात, काम भराभर होतं. मात्र त्यांच्याकडे वर्कशॉपची हत्यारं कमी आणि ऑफिसची टेबलं जास्त. विद्यार्थ्यांकडूनच बनवून घ्यायचा असेल तर स्क्रॅच घ्या. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये तयार झालेलं हे मोफत साधन २००७पासून सर्वांना खुलं आहे. पात्र हलवणं आणि आवाज रेकॉर्ड करणं दोन्ही त्यातच होतं.

काहीच जमत नसेल तर कागदाची कात्रणं आणि मोबाइल. वस्तू जराजरा हलवत फोटो काढायचे आणि ते सलग दाखवायचे, याला स्टॉप मोशन म्हणतात. त्यात सेकंदाला बारा फोटो काढले तर हालचाल गुळगुळीत दिसते. सरावाला पाच पुरतात. तरीही पाऊण मिनिटाला सव्वादोनशे फोटो होतात, म्हणून हलवायचा तो एकच भाग ठेवा, बाकी चित्र स्थिर.

आवाज मात्र माणसाचाच घ्या. संगणकाने तयार केलेला आवाज उच्चार बरे करतो, पण पंप बंद पडलेल्या माणसाच्या बोलण्यात जी काळजी असते ती त्यात येत नाही, आणि विद्यार्थी नक्कल सुरांचीच करणार आहेत. छोटी, पडदे किंवा कपडे असलेली खोली शोधा. मोबाइल तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला धरा, म्हणजे श्वासाचा फटका माइकवर बसत नाही. पार्श्वसंगीत घालू नका.

पायरी ४: एकाच व्हिडिओच्या तीन प्रती

सगळ्यात महत्त्वाचं काम हे, आणि बहुतेक जण नेमकं हेच गाळतात. व्हिडिओ तयार झाला की त्याच्या तीन प्रती करा. पहिलीत दोन्ही आवाज. दुसरीत तंत्रज्ञाचा आवाज काढलेला, ग्राहक मात्र बोलतो आहे. तिसरी पूर्ण मूक.

दुसरी प्रत करताना रिकाम्या जागेची लांबी बघा. तुम्ही जे वाक्य तीन सेकंदांत बोललात ते नवख्या विद्यार्थ्याला म्हणायला चार-पाच सेकंद लागतात. तेव्हा चित्र त्या जागी थोडं थांबवून ठेवा, मूळच्या दीडपट तरी. जागा अपुरी पडली की ग्राहक मध्येच बोलू लागतो, विद्यार्थी अर्ध्यावर थांबतो आणि चूक आपलीच असं समजतो. आवाज काढून टाकायला ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. हवा तो तुकडा निवडून कंट्रोल आणि एल या कळा दाबल्या की तेवढ्या जागी शांतता होते. मग तो आवाज पुन्हा चित्राला जोडायचा. पॉवरपॉइंटमध्ये काम केलं असेल तर आणखी सोपं. त्या स्लाइडवरचा आवाज काढा आणि स्लाइड जास्त वेळ ठेवा.

पायरी ५: वर्गातला तास

सुरुवात मूक प्रतीने करा. काय चाललं आहे असं वाटतं ते विद्यार्थ्यांना सांगू द्या, मराठीत सांगितलं तरी चालेल. कोणी ‘तो मीटर लावतोय’ म्हणेल, कोणी ‘बाई चिडलीय’ म्हणेल. या अंदाजातून ऐकायची उत्सुकता तयार होते. शिवाय तांत्रिक तपशील तेच तुम्हाला सांगतात, आणि इंग्रजीच्या तासाला आपल्यालाही काही येतं ही जाणीव त्यांना पहिल्या पाच मिनिटांत मिळते.

मग आवाजासकट दोनदा. सबटायटल या वेळी नकोत. डोळे अक्षरांवर गेले की कान सुटतात, आणि जे लिहिलं तसंच वाचण्याची सवय उच्चारात उतरते. तिसऱ्यांदा हवी तर दाखवा.

यानंतर एकेक ओळ थांबवून सगळ्यांनी एकत्र म्हणायची. नंतर न थांबवता, पात्राच्या मागोमाग, सावलीसारखं म्हणायचं. दुभाष्यांच्या प्रशिक्षणात ही जुनी पद्धत आहे. पहिल्या फेरीत शब्द सुटतात. सुटू द्या, लय धरली की पुरे. व्हीएलसी प्लेअरमध्ये डाव्या चौकटी कंसाची कळ दाबून वेग थोडा थोडा कमी करता येतो. पाऊणपटीच्या खाली मात्र जाऊ नका, स्वर इतके ताणले जातात की वाक्याची चालच हरवते.

आता दुसरी प्रत. पडद्यावरचा ग्राहक बोलतो, विद्यार्थी तंत्रज्ञाच्या जागी बोलतो. आधी अर्धा वर्ग मिळून, मग चौघं, मग दोघं, मग एकटा. ही उतरंड चुकवू नका. पहिल्याच फटक्यात एकट्याला उभं केलं की पुढचे दोन आठवडे तो मागच्या बाकावर जाऊन बसतो. चित्राच्या आडून बोलताना मूल किती मोकळं होतं ते बघण्यासारखं असतं. पडद्यावरच्या पात्राला आवाज देताना चूक झाली तर ती पात्राची झाली, आपली नाही, असं मनाला वाटतं. शिकणाऱ्याच्या मनातली भीती भाषा आत येऊच देत नाही, असं अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या दशकात मांडलं. मूक चित्राला आवाज देताना ती भीती उतरताना मी कितीदा तरी पाहिली आहे.

शेवटी मूक प्रत, दोघा-दोघांनी पूर्ण संवाद. आणि जागा मिळाली तर त्याच दिवशी पडदा बंद करून खऱ्या मशीनपाशी. इथे एक गोष्ट बदला: पंपाऐवजी दुसरं यंत्र, एका तासाऐवजी दोन दिवस. पाठ केलेलं इथे कोलमडतं आणि खरं बोलणं सुरू होतं. मुलं अडखळतील. अडखळू द्या, सांगाडा त्यांच्याकडे आहे.

मराठी बोलणाऱ्याची जीभ अडते त्या जागा

वरच्या संवादातल्या ‘पंप’, ‘पॉवर’, ‘पार्ट’ या शब्दांकडे बघा. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा आणि आघात असलेला ‘प’ श्वासाच्या झोतासकट येतो. मराठी ‘प’मध्ये तो झोत नाही, त्यामुळे परक्या कानाला ‘पंप’चा ‘बंप’ ऐकू येऊ शकतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून शब्द म्हणायला लावा. पट्टी हलली पाहिजे. ‘फ’ म्हणा असं सांगू नका, कारण मग ओठांना दात लागतात. प म्हणा, पण श्वास सोडून.

दुसरी अडचण आपल्या लिपीने केली आहे. ‘व्हेन’ आणि ‘व्हॉल्व्ह’ दोन्ही आपण ‘व्ह’ लिहून दाखवतो, पण इंग्रजीत ते वेगळे ध्वनी आहेत. ‘व्हेन’, ‘वर्किंग’, ‘विल’, ‘वन’ यांत ओठ गोल होतात, दात कुठेच लागत नाहीत. ‘व्हॉल्व्ह’ आणि ‘व्होल्टेज’मध्ये वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. हे दाखवायला ॲनिमेशन वापरू नका. चित्रातल्या पात्रांची तोंडं मोजक्या ठराविक आकारांत उघडमीट करतात, त्यावरून ध्वनी शिकता येत नाही. इथे तुमचा स्वतःचा चेहरा आणि विद्यार्थ्याच्या हातात मोबाइलचा पुढचा कॅमेरा, आरशासारखा.

तिसरी गोष्ट क्रियापदाच्या भूतकाळी शेपटाची, आणि झालेलं काम सांगताना ती पावलोपावली लागते. लिहिताना ‘स्टॉप्ड’, पण म्हणताना ‘स्टॉप्ट’. ‘चेक्ड’ म्हणजे ‘चेक्ट’. ‘क्लीन्ड’मध्ये खरोखर ‘ड’ आहे. ‘टेस्टेड’मध्ये मात्र उच्चाराचा एक जादा तुकडा येतो, ‘टेस्टिड’. नियम समजावण्यापेक्षा तीन खोक्यांत शब्द टाकायला लावा, कान लवकर तयार होतो.

आणि आकडे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत घोळ झाला तर काम बिघडतं. पंधरा म्हणताना जोर शेवटच्या ‘टीन’वर आणि तो लांबवून, पन्नास म्हणताना जोर पहिल्या ‘फिफ’वर. आकडा ऐकला की तो उलट म्हणून खात्री करून घेण्याची सवय यासोबतच लावा: ‘फिफ्टीन? वन फाइव्ह?’

पायरी ६: यंत्राच्या मूक ॲनिमेशनवर निवेदन

संवाद तीन-चार झाले की पात्रं नसलेला व्हिडिओ आणा. फोर स्ट्रोक इंजिनचं ॲनिमेशन यासाठी फार चांगलं, कारण क्रिया चारच आणि त्या फिरून फिरून येतात. आवाज बंद. विद्यार्थ्याने दिसतं ते सांगायचं: ‘द इनलेट व्हॉल्व्ह ओपन्स. द पिस्टन मूव्ह्ज डाऊन.’ मग ‘बोथ व्हॉल्व्ह्ज आर क्लोज्ड, द पिस्टन मूव्ह्ज अप.’ मग ‘द फ्युएल बर्न्स अँड पुशेस द पिस्टन डाऊन.’ मग एक्झॉस्ट. ओपन, क्लोज, मूव्ह, पुश, बर्न एवढ्या पाच क्रियापदांत पूर्ण इंजिन सांगून होतं.

हेच निवेदन तीन वेगवेगळ्या मित्रांना, दर वेळी कमी वेळात सांगायला लावा: आधी दीड मिनिट, मग एक मिनिट, मग पाऊण. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी १९८९मध्ये चार, तीन आणि दोन मिनिटांच्या अशाच सरावाबद्दल लिहिलं आहे; मी वेळ कमी केला आहे, कारण आपल्या व्हिडिओंचा आवाकाच छोटा. ऐकणारा दर वेळी नवा असल्याने सांगणाऱ्याला कंटाळा येत नाही, आणि तिसऱ्या फेरीत ‘अं, अं’ करत घालवायला वेळच उरत नाही.

चुका

बोलत असताना टोकू नका. वहीत दोन चुका टिपा, दोनच, आणि फेरी संपल्यावर सांगा. कोणत्या दोन? ज्यांनी अर्थ किंवा सुरक्षितता बिघडते त्या आधी: ‘टर्न ऑन’ आणि ‘टर्न ऑफ’ची अदलाबदल, चुकीचा आकडा, ‘डोन्ट’ गळून जाणं. ‘द’ कुठे लावायचा राहिला, क्रियापदाला ‘स’ लागला नाही, हे पहिल्या महिन्यात सोडून द्या.

प्रगती मोजायला पहिल्या आठवड्यात पंपाच्या मूक प्रतीवरचा विद्यार्थ्याचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा आणि सहाव्या आठवड्यात त्याच व्हिडिओवर पुन्हा करा. दोन्ही त्या विद्यार्थ्यालाच ऐकवा. रेकॉर्डिंगला आधी विचारून परवानगी घ्या आणि ते वर्गाबाहेर कुठेही टाकू नका. भीती घालवायला केलेली गोष्ट अनोळखी लोकांच्या हाती पडली तर मूल पुन्हा तोंड उघडणार नाही.

एक व्हिडिओ झाला म्हणून कायमचा बाजूला ठेवू नका. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं, आठवड्याने दोन मिनिटं, महिन्याने दोन मिनिटं, मूक प्रत लावायची आणि बोलून टाकायचं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने होतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशीची दोन मिनिटं चुकवू नयेत.

प्रोजेक्टर नसेल, विद्यार्थी बोलतच नसेल तर

चौघांत एक मोबाइल पुरतो. उलट चौघांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला जास्त बोलणं येतं, आणि मोठ्या पडद्यापेक्षा तिथे लाज कमी वाटते. व्हिडिओ आधीच मोबाइलमध्ये उतरवून द्या, नेटवर्कच्या भरवशावर तास ठेवू नका.

काही केल्या न बोलणारा एखादा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याला मूक प्रत घरी द्या आणि एकट्याने आवाज भरून आणायला सांगा, हव्या तितक्या वेळा पुसून पुन्हा. माझ्या एका विद्यार्थिनीने महिनाभर वर्गात शब्द काढला नव्हता. तिने भरून आणलेल्या पंपाच्या संवादात शेवटच्या ओळीनंतर एक वाक्य जास्तीचं होतं, व्हिडिओत नसलेलं, तिचं स्वतःचं: ‘डोन्ट वरी, आय विल फिक्स इट.’